नूटकाचा वाद : दावेदार अनेक, मालकाला मात्र नोटीसही नाही

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळेचे स्नेहसंमेलन असो, नगरपालिकेची बैठक असो किंवा विद्यापीठाचा पदवीदान समारंभ असो, कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक ठरलेले निवेदन वाचले जाते. आपण ज्या जमिनीवर जमलो आहोत ती अमुक मूळ रहिवासी समूहांची पिढीजात जमीन असून त्यांनी ती आजवर कोणालाही सोडून दिलेली नाही, असा त्याचा आशय असतो. व्हँकुव्हर शहराने तर 2014 मध्ये रीतसर ठराव करून आपण मस्क्विअम, स्क्वामिश आणि स्लेल-वॉटुथ या तीन समूहांच्या न सोडलेल्या भूमीवर वसलो असल्याचे मान्य केले. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेला मराठी माणूस हे निवेदन पहिल्यांदा ऐकतो तेव्हा बुचकळ्यात पडतो. जमीन कोणी लढून जिंकली नाही, विकत घेतली नाही आणि ती कोणी लिहूनही दिली नाही, तर मग ती कॅनडाची झाली कशी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना अठराव्या शतकातील एका लहानशा खाडीपाशी जावे लागते. नूटका साउंड हे तिचे नाव. 1790 मध्ये या खाडीवरून ब्रिटन आणि स्पेन युद्धाच्या उंबरठ्यावर पोहोचले होते. जमीन हक्काची होते म्हणजे नेमके काय होते, याविषयीचे त्या काळातील सगळे युक्तिवाद या एका भांडणात एकत्र सापडतात.

खाडी आणि तिचे लोक

व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रशांत महासागराच्या तोंडावर ही खाडी आहे. तिच्या मुखाशी युक्वॉट नावाचे गाव होते. नू-चा-नुल्थ या मोठ्या समाजातील मोवाचाट लोक उन्हाळ्यात तेथे राहत आणि थंडीत खाडीच्या आतल्या भागात, ताहसिसच्या बाजूला सरकत. देवदाराच्या फळ्यांची लांबरुंद घरे, एकाच ओंडक्यातून कोरलेल्या होड्या, साल्मन मासळी आणि देवमाशाची शिकार यांवर त्यांचे जीवन उभे होते. त्यांच्या प्रमुखाला मक्विना म्हणत. हे नाव वारशाने पुढे चालत असल्यामुळे वेगवेगळ्या काळातील नोंदींत एकाहून अधिक मक्विना भेटतात.

येथे शेती नव्हती, त्यामुळे कुंपणही नव्हते. युरोपीय पाहुण्यांना हा किनारा मोकळा वाटला, तो त्यामुळे. प्रत्यक्षात कोणत्या ओढ्यावर कोणी मासे धरायचे, कोणत्या किनाऱ्याला लागलेला मेलेला देवमासा कोणाचा, हे सगळे घराण्यांनुसार ठरलेले होते, आणि हे हक्क मेजवान्यांमध्ये चारचौघांसमोर जाहीर करून पक्के केले जात.

याची प्रचीती कॅप्टन जेम्स कुक याला फार लवकर आली. 1778 च्या मार्च महिन्याच्या शेवटी तो आपली 'रेझोल्यूशन' आणि 'डिस्कव्हरी' ही जहाजे घेऊन येथे आला आणि डोलकाठ्यांची दुरुस्ती करत जवळपास महिनाभर राहिला. जहाजावरच्या जनावरांसाठी त्याने माणसांना गवत कापायला पाठवले, तर गावकरी आडवे आले आणि गवताचे पैसे मागू लागले. एकाला मोबदला द्यावा तर दुसरा पुढे येई, कारण प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा. आपल्या भूमीतील प्रत्येक वस्तूवर इतका काटेकोर हक्क सांगणारे लोक आपण आजवर कोठेही पाहिले नाहीत, अशी नोंद कुकने आपल्या रोजनिशीत करून ठेवली. या वादात पुढे जे जे युक्तिवाद झाले ते वाचताना गवताचा हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

जगाच्या टोकाला सगळे का धावले?

कारण होते एका जनावराची कातडी. समुद्री ऊदमांजराच्या अंगावर देवमाशासारखा चरबीचा थर नसतो. बर्फगार पाण्यात ऊब टिकवण्यासाठी निसर्गाने त्याला कमालीची दाट लव दिली आहे. एका चौरस इंचात काही लाख केस, इतकी दाट फर दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्याला नाही.

रशियनांना हे आधी कळले. 1741 मध्ये व्हायटस बेरिंगच्या मोहिमेतील जहाज फुटले, बेरिंग एका ओसाड बेटावर मरण पावला, आणि जे जिवंत परतले त्यांनी सोबत ही कातडी आणली. त्यानंतर रशियन शिकारी अल्यूशन बेटांच्या माळेवरून एकेक बेट पुढे सरकत राहिले आणि 1784 मध्ये ग्रिगोरी शेलिखोव्हने अलास्काजवळच्या कोडिॲक बेटावर वसाहतच घातली.

कुकच्या खलाशांना मात्र ही गोष्ट अपघाताने समजली. नूटकामध्ये त्यांनी किरकोळ वस्तूंच्या बदल्यात अंथरुणाला आणि अंगावर घालायला काही कातडी घेतली होती. कुक हवाईत मारला गेला. पुढे 1779 च्या अखेरीस ही जहाजे चीनच्या कँटन बंदराच्या परिसरात पोहोचली तेव्हा उत्तम कातड्यांना प्रत्येकी 120 स्पॅनिश डॉलरपर्यंत भाव मिळाला. वापरून मळलेल्या कातड्यांनाही चांगले पैसे आले. परत जाऊन आणखी कातडी आणू या, म्हणून खलाशी बंडाच्या बेतात आले. 1784 मध्ये या सफरीचा वृत्तांत छापून आला आणि हे गुपित जगजाहीर झाले.

ब्रिटिश व्यापाऱ्यांसमोर एक अडचण होती. चीनशी व्यापार करण्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा मक्ता साउथ सी कंपनीकडे. दोघींचा परवाना घ्यायचा तर नफा वाटून टाकायचा. म्हणून कोणी मकाव येथे पोर्तुगीज झेंडा लावला, तर चार्ल्स बार्कलीने 'इंपीरियल ईगल' या जहाजावर ऑस्ट्रियाचा. झेंड्यांची ही चलाखी पुढे ब्रिटिशांच्याच अंगाशी येणार होती.

मुंबईहून निघालेली दोन जहाजे

या धावपळीत मुंबईही होती, ही बाब आपल्याकडे फारशी माहीत नाही. डेव्हिड स्कॉट नावाच्या मुंबईतील बड्या खाजगी व्यापाऱ्याने भांडवल उभे केले, कंपनीचा मद्रासमधील नोकर जेम्स स्ट्रेंज मोहिमेचा प्रमुख झाला, आणि 1785 च्या डिसेंबरमध्ये 'कॅप्टन कुक' व 'एक्सपेरिमेंट' ही दोन जहाजे मुंबईहून निघाली. सालबाईचा तह होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. नूटकाला एक ठाणे बसवावे, असा बेत असल्यामुळे कंपनीच्या मुंबई फौजेतील काही शिपाईही सोबत दिले होते आणि त्यांच्यावर अलेक्झांडर वॉकर नावाचा विशीतला अधिकारी होता.

1786 च्या उन्हाळ्यात ही जहाजे नूटकाला पोहोचली. व्यापाराच्या दृष्टीने मोहीम फसली. सुमारे सहाशे कातडी हाती लागली, त्यात खर्चही निघाला नाही. ठाण्याचा बेत सोडून द्यावा लागला. आजारी असलेला शल्यविशारदाचा मदतनीस जॉन मॅके तेवढा मागे ठेवला गेला, म्हणजे तो भाषा शिकेल आणि पुढच्या खेपेसाठी माहिती गोळा करील. मॅके वर्षभर मोवाचाट लोकांमध्ये राहिला. मक्विनाच्या बाळाचा पाळणा त्याने ओलांडला, हा तेथे मोठा दोष मानला जाई. पुढे ते बाळ दगावले आणि त्याला घराबाहेर काढण्यात आले. 1787 मध्ये बार्कलीचे जहाज आले तेव्हा त्याची सुटका झाली. नूटका हा खंडाचा किनारा नसून बेटांचा भाग आहे, असे त्याने बार्कलीला सांगितले, आणि ते बरोबर होते. नकाशा काढायला नौदलाची जहाजे यायला अजून पाच वर्षे होती.

वॉकरने या प्रवासाचा तपशीलवार वृत्तांत लिहिला आणि तो नूटकाविषयीच्या सुरुवातीच्या उत्तम नोंदींपैकी एक मानला जातो. हाच वॉकर 1802 पासून बडोद्याला गायकवाडांच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट होता. नूटकाच्या मक्विनाशी आणि बडोद्याच्या गायकवाडांशी समोरासमोर बसून बोललेला असा माणूस इतिहासात दुसरा असेल, असे वाटत नाही.

सातबाऱ्यावर नाव आणि प्रत्यक्ष वहिवाट

आता मुख्य गुंता. 1493 मध्ये पोपने आणि 1494 मध्ये तोर्देसियासच्या तहाने अटलांटिकमध्ये एक काल्पनिक रेषा ओढून तिच्या पश्चिमेकडील नवी भूमी स्पेनला देऊन टाकली होती. 1513 मध्ये बाल्बोआने पनामाच्या डोंगरावरून प्रशांत महासागर पाहिला आणि हा समुद्र व त्याला लागलेले सर्व किनारे स्पेनच्या राजाचे, असे जाहीर केले. एवढ्या बळावर स्पेन अडीचशे वर्षे अलास्कापर्यंतचा किनारा आपला मानत होता. तेथे त्याचा एक माणूसही नव्हता.

ब्रिटनचे म्हणणे वेगळे होते. नुसते पाहून आणि जाहीर करून जमीन आपली होत नाही, तेथे प्रत्यक्ष वस्ती हवी. याला प्रत्यक्ष वहिवाटीचे तत्त्व म्हणू. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगायचे तर स्पेन म्हणत होता की सातबाऱ्यावर नाव आमचे आहे, आणि ब्रिटन म्हणत होता की उताऱ्याचे काय सांगता, जमीन कसतो कोण ते बघा. दोघेही कचेरीत तावातावाने भांडत होते, आणि ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन राखली त्याला साधी नोटीससुद्धा गेली नव्हती.

रशियनांच्या बातम्या येऊ लागल्यावर स्पेनला आपल्या कागदी हक्काचा कच्चेपणा कळला. 1768 मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सान ब्लास येथे नौदलाचा तळ उभारला गेला, 1769 मध्ये सान दिएगो आणि 1770 मध्ये माँतेरे वसले. 1774 मध्ये हुआन पेरेझ 'सांतियागो' जहाजातून उत्तरेला गेला. हायडा लोकांशी त्याने समुद्रावरच देवघेव केली आणि परतताना नूटकाच्या तोंडाशी नांगर टाकला, परंतु वारा प्रतिकूल झाल्याने तो किनाऱ्यावर उतरलाच नाही. पुढच्या वर्षी ब्रूनो दे एसेता आणि हुआन फ्रान्सिस्को दे ला बोदेगा इ क्वाद्रा आले. त्या मोहिमेत आजच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर पाण्यासाठी उतरलेली स्पॅनिश तुकडी मारली गेली, तरी बोदेगाने आपली चिमुकली 'सोनोरा' नौका 58 अक्षांशापर्यंत रेटली.

हे सगळे स्पेनने गुप्त ठेवले. कुकने आपला वृत्तांत छापला आणि श्रेय त्याच्याकडे गेले. गंमत अशी की स्पेन आधी येऊन गेल्याचा पुरावा कुकच्याच कागदांत होता. नूटकाच्या एका रहिवाशाच्या गळ्यात दागिना म्हणून अडकवलेले चांदीचे दोन चमचे कुकच्या माणसांनी विकत घेतले होते. पेरेझच्या जहाजावर सुकाणू-अधिकारी असलेल्या एस्तेबान होसे मार्तिनेझने नंतर सांगितले की ते चमचे 1774 मध्ये माझ्याकडून चोरीला गेले होते. एका साम्राज्याचा अर्ध्या खंडावरचा दावा दोन चमच्यांवर येऊन ठेपावा, याला काय म्हणावे!

1789 चा उन्हाळा

हाच मार्तिनेझ 1788 मध्ये अलास्काला गेला असता रशियन लोक नूटका घेण्याच्या विचारात आहेत, असे त्याच्या कानावर आले. त्यामुळे मेक्सिकोच्या व्हाइसरॉयने त्याला ते ठिकाण आधी ताब्यात घेण्यास धाडले. 5 मे 1789 रोजी तो पोहोचला. रशियन कोणी नव्हते. होते ते अमेरिकन व्यापारी, आणि पोर्तुगीज झेंड्याखालचे 'इफिजेनिया' हे जहाज, ज्याचा खरा धनी इंग्रज होता.

त्या धन्याचे नाव जॉन मीअर्स. आदल्या वर्षी तो स्वतः येथे येऊन गेला होता, युक्वॉटच्या किनाऱ्यावर त्याने एक झोपडीवजा इमारत उभी केली होती आणि चिनी कामगारांच्या मदतीने 'नॉर्थ वेस्ट अमेरिका' नावाची नौका बांधून पाण्यात सोडली होती. मार्तिनेझने 'इफिजेनिया' पकडून सोडून दिले, नंतर 'नॉर्थ वेस्ट अमेरिका' जप्त केली. जुलैच्या प्रारंभी इंग्रज कप्तान जेम्स कोलनेट 'आर्गोनॉट' हे जहाज घेऊन आला. कायमची व्यापारी वखार घालण्याचा त्याला आदेश होता आणि त्याच्याकडेही चिनी कारागीर होते. मार्तिनेझच्या केबिनमध्ये दोघांची बाचाबाची झाली, एकाला दुसऱ्याची भाषा नीट कळत नव्हती, हात तलवारीकडे गेला आणि कोलनेट कैद झाला. पाठोपाठ 'प्रिन्सेस रॉयल'ही जप्त झाले. जहाजे आणि माणसे सान ब्लासला रवाना झाली. तेथे आधीपासून असलेल्या अमेरिकन व्यापाऱ्यांना मात्र मार्तिनेझने हात लावला नाही.

या धुमश्चक्रीतील सर्वात गंभीर घटना युरोपात फारशी चर्चिली गेली नाही. 13 जुलै रोजी मोवाचाट समाजातील मानाचा सरदार कॅलिकम होडीतून स्पॅनिश जहाजाजवळ आला आणि इंग्रजांना लुबाडल्याबद्दल त्याने मार्तिनेझला तोंडावर चोर म्हटले. स्पॅनिश गोळीने तो तेथेच ठार झाला. मक्विना आपली माणसे घेऊन काही काळ शेजारच्या प्रमुखाकडे निघून गेला. लंडनमध्ये पुढे जे काहूर उठले ते जहाजांसाठी उठले.

लंडनला एवढा राग का आला?

कारण मीअर्सने तो व्यवस्थित पेटवला. 1790 च्या वसंतात तो लंडनला पोहोचला आणि त्याने संसदेसमोर निवेदन ठेवले. आपण मक्विनाकडून तांब्याचे काही पत्रे आणि किरकोळ वस्तू देऊन जमीन रीतसर विकत घेतली होती, तेथे ब्रिटिश झेंडा फडकत होता आणि स्पेनने तो खाली खेचला, असे त्याचे म्हणणे होते. पोर्तुगीज झेंड्याचा मुद्दा त्याने सोयीस्करपणे झाकला. नुकसानभरपाईची मागणी सहा लाख स्पॅनिश डॉलरच्या वर होती. पंतप्रधान विल्यम पिट यांना प्रशांत महासागराचे कुलूप उघडायला निमित्त हवेच होते. संसदेने दहा लाख पौंड मंजूर केले आणि आरमार सज्ज होऊ लागले.

मीअर्सच्या निवेदनाकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. ब्रिटनचा संपूर्ण दावा मक्विनाने जमीन विकली यावर उभा होता. विकायला आधी मालक असावे लागते. म्हणजे स्पेनला हरवण्यासाठी ब्रिटनने, भले नकळत का होईना, मक्विनाची मालकी संसदेत मान्य केली होती.

स्पेन इतक्या लवकर नमला कसा?

स्पेनची भिस्त फ्रान्सवर होती. दोन्हीकडे बूर्बाँ घराण्याचे राजे, आणि संकटात एकमेकांना मदत करण्याचा घराण्यांतील जुना करार. पण 1790 चे पॅरिस हे क्रांतीचे पॅरिस होते. सोळाव्या लुईने जहाजे सज्ज करायचे ठरवताच राष्ट्रीय सभेने विचारले, युद्ध पुकारण्याचा अधिकार राजाचा की राष्ट्राचा? मे महिन्यात सभेने तो अधिकार आपल्याकडे घेतला आणि देशविस्ताराची युद्धे करणार नाही, असेही जाहीर केले. युक्वॉटच्या किनाऱ्यावरील एका झोपडीमुळे फ्रेंच राजाचा युद्धाधिकार गेला, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

एकटा पडलेला स्पेन 28 ऑक्टोबर 1790 रोजी करारावर सही करून मोकळा झाला. जप्त केलेली जागा परत द्यायची, भरपाई द्यायची, आणि स्पॅनिश वसाहतींच्या उत्तरेकडील किनारा दोन्ही देशांच्या प्रजेला व्यापारासाठी खुला राहील, असे ठरले. पोपच्या रेषेचा जमाना या सहीने संपला आणि वहिवाटीचे तत्त्व जिंकले, निदान ब्रिटनच्या वाचनाप्रमाणे.

मग मक्विनाला कोणी विचारले की नाही?

विचारले, आणि हा या प्रकरणातील सर्वात रंजक भाग आहे. जागा परत द्यायची म्हणजे नेमकी किती द्यायची, हे ठरवायला 1792 मध्ये ब्रिटनकडून जॉर्ज व्हँकुव्हर आणि स्पेनकडून बोदेगा इ क्वाद्रा नूटकाला आले. तोवर स्पॅनिशांनी तेथे किल्ला, बराकी आणि भाजीपाल्याच्या बागा उभारल्या होत्या आणि मोवाचाट लोकांना युक्वॉटची जागा सोडून सरकावे लागले होते. बोदेगा हा दिलदार यजमान होता. आल्यागेल्या प्रत्येकाला त्याच्या घरी चांदीच्या ताटात जेवण मिळे, आणि मक्विना त्याच्या पंगतीचा नेहमीचा पाहुणा होता. दोघे अधिकारी ताहसिसला मक्विनाच्या घरी जाऊन जेवून आले, नाच पाहून आले, आणि एकमेकांशी इतके जुळले की ज्या बेटावर ते भांडायला आले होते त्याला त्यांनी 'क्वाद्रा आणि व्हँकुव्हरचे बेट' असे जोडनाव दिले.

जागेवर मात्र एकमत झाले नाही. बोदेगाने साक्षी गोळा केल्या होत्या. 1788 मध्ये हजर असलेल्या अमेरिकन कप्तानांनी सांगितले की मीअर्सची म्हणजे एक साधी झोपडी होती आणि जमिनीची खरेदी झाल्याचे आम्ही ऐकले नाही. मक्विनानेही मीअर्सला जमीन विकल्याचे साफ नाकारले. स्पेनला त्याने वापराची परवानगी दिली, असे स्पॅनिश कागद म्हणतात. बोदेगा त्या खाचरीएवढ्या तुकड्यापलीकडे काही द्यायला तयार नव्हता, व्हँकुव्हरला संपूर्ण बंदर हवे होते. प्रकरण लंडन आणि माद्रिदकडे परत गेले.

येथे एक आक्षेप येऊ शकतो की मक्विना सोयीप्रमाणे ज्याच्या हातात तोफा त्याच्या बाजूने बोलत होता. ते शक्य आहे. तो कसलेला मुत्सद्दी होता, फरचा व्यापार आपल्याच हातून व्हावा म्हणून शेजारच्या समूहांवर त्याने चांगला वचक ठेवला होता, आणि परक्यांपैकी कोणाला जवळ करायचे हे त्याला नीट कळत होते. परंतु त्याची साक्ष कोणाच्या बाजूने पडली याहून दोन्ही साम्राज्यांना त्याच्या शब्दाचा आधार घ्यावा लागला, हे महत्त्वाचे आहे. ज्याचा हक्कच नाही त्याला साक्षीला बोलावत नाहीत.

28 मार्च 1795

तोवर युरोपची हवा बदलली. फ्रान्सने आपल्या राजाचा शिरच्छेद केला आणि 1793 मध्ये ब्रिटन व स्पेन क्रांतिकारक फ्रान्सविरुद्ध दोस्त झाले. त्याच वर्षी भरपाई 2,10,000 स्पॅनिश डॉलरवर मिटली. 11 जानेवारी 1794 च्या करारात तोडगा निघाला : दोघांनीही नूटका सोडायचे, कायमची वस्ती कोणी करायची नाही, आणि तिसऱ्या कोणाला करूही द्यायची नाही.

ठरल्या दिवशी स्पेनचा ब्रिगेडियर आलावा आणि ब्रिटनचा लेफ्टनंट पीअर्स युक्वॉटच्या किनाऱ्यावर हजर राहिले. स्पॅनिश किल्ला आधीच मोकळा केलेला होता. ब्रिटिश झेंडा चढवला, कागदांची देवघेव झाली, झेंडा उतरवला, आणि दोन्ही बाजूंची माणसे जहाजांत बसून निघून गेली. मोवाचाट लोक आपल्या जुन्या गावठाणावर परत आले.

म्हणजे सगळा खटाटोप वाया गेला?

तसे नाही. स्पेन गेला तरी त्याचा दावा उरला. 1819 च्या करारात स्पेनने 42 अक्षांशाच्या उत्तरेकडील आपले सर्व हक्क अमेरिकेला देऊन टाकले, त्यामुळे पेरेझ आणि बोदेगा यांच्या सफरी रातोरात वॉशिंग्टनच्या युक्तिवादात जमा झाल्या. अमेरिकेकडे स्वतःचा मुद्दाही होता : 1792 मध्ये रॉबर्ट ग्रे कोलंबिया नदीच्या मुखातून आत शिरला होता. ब्रिटनने उत्तरादाखल कुक, व्हँकुव्हर आणि 1790 चा करार पुढे केला. रशियाने 1824 आणि 1825 च्या करारांनी 54 अंश 40 मिनिटांच्या उत्तरेला राहण्याचे मान्य केले. उरलेल्या दोघांनी 1846 मध्ये 49 अक्षांशावर सीमा आखून व्हँकुव्हर बेट ब्रिटनकडे ठेवले.

ज्या जनावरासाठी हे सुरू झाले ते या काळात जवळपास संपले. 1911 मध्ये आंतरराष्ट्रीय करार करून शिकार थांबवली तेव्हा ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर ऊदमांजरे नावालाच उरली होती. 1969 ते 1972 या काळात अलास्कातून 89 प्राणी आणून व्हँकुव्हर बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर सोडले, आज तेथे दिसतात ती बहुतांशी त्यांची प्रजा. माणसांचे नुकसान याहून भयंकर होते. परक्या जहाजांबरोबर आलेल्या देवीसारख्या साथींनी किनाऱ्यावरची गावेच्या गावे ओस पाडली.

इतक्या जुन्या गोष्टीचा आजच्या न्यायालयात काय संबंध?

या सगळ्या करारांवर सह्या कोणाच्या होत्या ते पाहिले की संबंध कळतो. 1790, 1794, 1819, 1846 : स्पेन, ब्रिटन, अमेरिका. प्रत्येक कागद एवढेच सांगतो की एका परक्याने दुसऱ्या परक्याच्या वाटेत यायचे नाही. किनाऱ्यावरच्या लोकांकडून जमीन घेतल्याचे त्यांतला एकही सांगत नाही. तसे घेणे आवश्यक होते, हे ब्रिटिश राजवटीलाही ठाऊक होते. 1763 च्या राजघोषणेने मूळ रहिवाशांची जमीन फक्त राजसत्तेने आणि रीतसर करारानेच घ्यावी, असे ठरवले होते. व्हँकुव्हर बेटावर जेम्स डग्लसने 1850 ते 1854 या काळात असे 14 करार केले, 1899 च्या 'ट्रीटी 8' नावाच्या कराराने प्रांताचा ईशान्य भाग त्यात आला, आणि मग शंभर वर्षे काम थांबले. बाकीचा बहुतेक प्रांत कराराविना राहिला.

त्यामुळे आज न्यायालयात मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. 2014 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्सिलकोटिन समाजाचा सुमारे 1,700 चौरस किलोमीटरवरील मालकी हक्क मान्य केला. असा निकाल देशात पहिलाच. 2024 मध्ये प्रांत सरकारने हायडा लोकांशी करार करून संपूर्ण हायडा ग्वाई द्वीपसमूहावरील त्यांचा हक्क मान्य केला.

मग आता लोकांच्या घरांचे काय, असा धास्तीचा प्रश्न तेथे नेहमी विचारला जातो, आणि तो खोटा म्हणता येणार नाही. हायडा करारात खाजगी घरे आणि जमिनी सुरक्षित राहतील, असे स्पष्ट लिहिले आहे. अन्य ठिकाणी न्यायालये हा तिढा प्रकरणागणिक सोडवत आहेत आणि सगळीकडे एकच उत्तर निघेल, अशी चिन्हे नाहीत. त्सिलकोटिन प्रकरणात खाजगी जमिनी दाव्यातून आधीच वगळलेल्या होत्या.

मोवाचाट लोकांच्या शेजारचा नुचाट्लाट समाज 2017 मध्ये नूटका बेटाच्या सुमारे 200 चौरस किलोमीटर भागासाठी न्यायालयात गेला. एवढा मोठा दावा सिद्ध झाला नाही, असे न्यायाधीशांनी 2023 मध्ये म्हटले, आणि 2024 मध्ये सुमारे 11 चौरस किलोमीटरवर हक्क मान्य केला. अशा खटल्यात समाजाला दाखवावे लागते ते हे, की एका विशिष्ट तारखेला ही जमीन आपल्या पुरेशा आणि अनन्य वहिवाटीत होती. म्हणजे ब्रिटनने स्पेनविरुद्ध वापरलेली कसोटी आता मूळ मालकांना लावली जाते. तारीख धरली जाते ती 1846 ची : ज्या वर्षी लंडन आणि वॉशिंग्टन यांनी, या मूळ मालकांपैकी कोणालाही न विचारता, 49 अक्षांशावर आपसांत सीमा ठरवली.